मौनीमातेचा अबोला

वरच्या मजल्यावर माणसं जोडीने येत आणि जिना चढता चढताच चेहरे पवित्र करून घेत. रस्त्यावर एकमेकांवर खेकसत आलेलं जोडपंसुद्धा सहाव्या पायरीपर्यंत हातात हात घालायचं. जिन्याखालच्या दुकानात बसलेली गादीवाली हे रोज बघायची आणि दाभणात सुतळी ओवता ओवता नाक मुरडायची.

दुकान तिचं होतं. जुन्या सोफ्यांची कापडं उसवायची, बसलेल्या स्प्रिंगा बदलायच्या, काथ्या पिंजून भरायचा, वरून नवं कापड ताणून खिळे ठोकायचे. हात राकट झाले होते आणि जीभ त्याहून राकट. कुणी तीन माणसांचा सोफा आणून ‘जरा स्वस्तात करा हो मावशी’ म्हणाला, तर ती विचारायची, “मग दोघांनीच बसा. तिसऱ्याचं कापड वाचेल.” गिऱ्हाइकं हसायची, भाव मान्य करायची. दिवसभर तिचं तोंड चालू असे. पण तीच बाई शिवलेल्या बैठका पोचवायला जिना चढून वर गेली, की तोंडातून चकार शब्द निघत नसे, आणि वरचे लोक तिला वाकून नमस्कार करत.

तिला तिथे ‘मौनीमाता’ म्हणत.

हे नाव तिच्या नवऱ्याच्या कृपेने मिळालं होतं. नवरा पूर्वी रंगांच्या कंपनीत होता. भिंतींच्या रंगांची पत्रकं घेऊन दुकानोदुकानी फिरायचा. आता तो ‘आचार्य’ होता आणि दुरावलेल्या जोडप्यांना तंत्रसाधना शिकवायचा. सात चक्रांचे सात रंग त्याला पाठ करावे लागले नाहीत, ती विद्या कंपनीतूनच आली होती. बोलणं तर पहिल्यापासून लोण्यासारखं. शिव आणि शक्ती, श्वास आणि स्पर्श, नात्यातला समतोल, देहात अडकलेलं दुःख, असं तो तासभर बोलला की बायका डोळे पुसत आणि पुरुष खाली बघत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ज्याने कुणी केली त्याने या माणसाला बघूनच केली असावी. कारण या आचार्याशी त्याची स्वतःची बायको कित्येक वर्षं एक अक्षर बोललेली नव्हती.

ते मौन नव्हतं. तो अबोला होता. साधा, सरळ, घराघरात असतो तसा. फक्त फार लांबलेला.

एक गोष्ट मात्र तिच्या रागातही ती नाकारत नसे. ती साधना थोतांड नव्हती. दोघं एकाच चाळीत वाढलेली, लहानपणापासून अरे-तुरे करणारी, घरच्यांशी भांडून लग्न केलेली. पहिली मुलगी झाली, ती चार वर्षांची असताना दुसरं बाळ झालं ते गेलेलंच. त्यानंतर गादीवालीला कुणाचा हात अंगाला लागलेला सोसेना. नवऱ्याचा तर नाहीच. तो बिचारा (त्या वेळी तो खरंच बिचारा होता) कुठूनशी एका म्हाताऱ्या साधकाची माहिती काढून त्याच्याकडे जाऊ लागला. आणि तिथून शिकून येऊन त्याने तिला समोर बसवलं. स्पर्श नाही, घाई नाही. नुसतं एकमेकांकडे बघायचं, दोघांचा श्वास एका लयीत येईपर्यंत थांबायचं. समोरचा हो म्हणेल तेव्हाच त्याच्या छातीवर तळहात ठेवायचा, आणि नको म्हटलं की काढून घ्यायचा. म्हाताऱ्याने हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सांगितलं होतं. कितीतरी संध्याकाळी तिने नको म्हटलं आणि त्याने हात काढून घेतला. एका संध्याकाळी तिने हात राहू दिला आणि म्हणाली, “बाळ गेल्यापासून मला तुझ्या हाताची किळस येते. तुझी नाही रे, हाताची. याच हाताने तू माझे डोळे झाकलेस, मी बाळाला बघू नये म्हणून.” मग दोघं रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एकत्र रडली. त्या रात्री तिला शांत झोप लागली.

पुढे त्याने कंपनी सोडली, वरची खोली रिकामी केली आणि लोकांना शिकवायला सुरुवात केली. पहिल्याच सभेला वीसेक माणसं आली. नव्या बैठका घेऊन ती जिना चढत होती आणि आतून त्याचा आवाज आला. तो सांगत होता, “माझी पत्नी मला म्हणाली, मला तुझ्या हाताची किळस येते.” मग थांबला. कुठे थांबलं की लोक हळहळतात, हे त्याला आधीपासून कळायचं. लोक हळहळले. मग त्याने पुढचं सांगितलं. डोळे झाकल्याचंही सांगितलं.

तिने बैठका दारात ठेवल्या आणि खाली गेली. त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलली नाही.

पहिले काही दिवस तो गयावया करत होता. “अगं, लोकांचं भलं झालं त्यातून,” म्हणायचा. माफी मागायचा तीसुद्धा व्याख्यान दिल्यासारखी. मग सवय झाली. ती जेवण वाढायची आणि ताट टेबलावर जरा जोरात ठेवायची. तो आवाज म्हणजे ‘ये गिळायला’. एवढ्यावर संसार चालतो, हे ज्याला खोटं वाटेल त्याने शेजारच्या चार घरांत डोकावून बघावं.

एकदा एका शिष्येने विचारलं, “ताई वर आल्या की बोलत का नाहीत?” आचार्य म्हणाला, “ती मौनात आहे. या वास्तूत ती बोलत नाही.” झालं. दुसऱ्या आठवड्यात जिन्यावर तिच्या पायाला कुणीतरी हात लावला. ती दचकली, खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगायचं म्हणजे का बोलत नाही तेही सांगायला हवं, म्हणजे तीच गोष्ट पुन्हा एकदा परक्यांसमोर. आणि अगदी खरं बोलायचं तर तिला त्यात एक दुष्ट समाधानही होतं. हा माणूस आपल्या रागाच्या भांडवलावर गुरू झालाय, आणि ते भांडवल आपल्या मुठीत आहे. कधीही काढून घेता येईल. त्या समाधानावर तिने वर्षं काढली.

एका गोष्टीचा मात्र तिला मनापासून अभिमान होता. या भांडणात तिने पोरीला ओढलं नाही. ‘तुझ्या बाबांना सांग’ असा निरोप कधी दिला नाही, बापाबद्दल वाईट शब्द काढला नाही. बापाने सांगितलं, आई साधना करते, आणि आईने तसं समजू दिलं. लेकरू हसतंखेळतं राहिलं, शिकलं, चांगल्या घरी पडलं. आपण सगळं पोटात ठेवलं म्हणून हे झालं, असं ती स्वतःशी म्हणायची.

ती पोर एक दिवस बॅग घेऊन माहेरी आली.

“चार दिवस राहीन म्हणते,” एवढंच बोलली. चाराचे आठ झाले. दिवसभर दुकानात अर्धवट भरलेल्या सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन झोपायची. आई खिळे ठोकायची तरी जाग येत नसे. जावई अधूनमधून फळं घेऊन यायचा. गोड माणूस, दार उघडून धरणारा, ‘आई, तुम्ही बसा, मी उचलतो’ म्हणणारा. गादीवालीला त्याच्यात खोट काढता येत नव्हती आणि त्यामुळेच तिला धास्ती वाटत होती. तो आला की पोर उठून बसायची, केस नीट करायची, आणि सोफ्याच्या अगदी कडेला सरकायची. सोफ्यावर माणूस कुठे बसतो हे बघण्यात या बाईचा जन्म गेला होता.

बापाने मात्र मार्ग लगेच काढला. दोघांना शिबिरात बसवलं. शिबिराच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर दोघांनी एकमेकांचा हात धरायचा आणि पोरीने नवऱ्यासोबत घरी जायचं, असं ठरलं. आचार्याच्या मुलीचाच संसार मोडला तर पुढे कोण येणार, हे तो बोलला नाही, पण खाली दुकानात तिला ते न बोलताच ऐकू आलं.

“तुला जायचंय का?” आईने विचारलं.

“जायला पाहिजे ना.”

“तो मारतो का?”

“छे. काहीतरीच काय.”

“मग आहे काय?”

पोर कापडाच्या चिंध्या बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, “मी तुझ्यासारखं मौन शिकतेय. त्याचं काही पटलं नाही की गप्प राहते. आधी जमायचं नाही. बाबा म्हणाले, आईकडे बघ. एका शब्दाने तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून हे घर उभं आहे.”

गादीवालीच्या हातातली हातोडी वरच राहिली. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. अगं, ते तसलं काही नव्हतं, मला त्या माणसाचं तोंड बघवत नव्हतं, म्हणून सांगावं. पण मग का, ते सांगावं लागलं असतं. बाळाचं सांगावं लागलं असतं. इतकी वर्षं मूग गिळलेल्या तोंडाला एकदम ते जमेना. तिने खिळा ठोकला आणि नुसतं “हं” म्हणाली.

“आई, शेवटच्या दिवशी तू वर येऊन बसशील? माझ्यासाठी?”

“बसेन.”

तर त्या दिवशी ती वर गेली. तिने स्वतः शिवलेल्या बैठकांवर जोडपी समोरासमोर बसली होती. उदबत्तीचा धूर, खिडक्या लावलेल्या, सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकसारखी प्रसन्नता. मौनीमाता सभेला बसणार म्हणून कुजबुज झाली. तिला आचार्याच्या डाव्या हाताला जागा दिली होती. पलीकडे पोर आणि जावई. पोर मान खाली घालून होती. जावई ताठ बसला होता, पहिला नंबर येणार हे माहीत असलेल्या मुलासारखा.

आचार्य बोलू लागला. आधी नेहमीचं झालं. मग आवाज खाली आला.

“माझ्याकडे एक साधिका आली,” तो म्हणाला. “नाव सांगत नाही. मला म्हणाली, रात्री नवरा जवळ येतो, मी नको म्हणते, तो ऐकत नाही. मग मी डोळे मिटते आणि उद्याच्या कामांची उजळणी करते. सकाळी काय आणायचं, काय शिजवायचं. तेवढ्यात सगळं होऊन जातं.” तो थांबला. लोक हळहळले. “मी तिला म्हटलं, बाळ, तुझ्या देहात एक गाठ आहे आणि त्या गाठीचं नाव आहे ‘नको’. ती सोड. शक्ती जेव्हा नको म्हणणं सोडते, तेव्हाच शिव शांत होतो. समर्पण कर.”

जावई समजूतदारपणे मान हलवत होता. पोरीचे कान लालबुंद झाले होते. तिने दोन्ही हातांनी बैठकीची शिवण घट्ट धरली होती.

गादीवालीला कळायला क्षणही लागला नाही. बाळ, म्हणाला तो, आणि पोरीला तो लहानपणापासून बाळच म्हणायचा. तोच जिना, तीच खोली, तीच थांबण्याची जागा. आणि त्या म्हाताऱ्याची एकच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट या माणसाने उलटी करून पोरीच्या गळ्यात बांधली होती. तिला इतका संताप आला की डोळ्यांपुढचा धूर उदबत्तीचा की रागाचा, समजेना.

“बस कर,” ती म्हणाली.

आचार्याने आवाज कुणाचा म्हणून दाराकडे बघितलं. या खोलीत स्वतःच्या बायकोचा आवाज येईल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग सगळे तिच्याकडे बघतायत हे बघून तो वळला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. पण तो तयारीचा माणूस. दुसऱ्या श्वासाला त्याने हात जोडले. “आज मातेचं मौन सुटलं,” तो म्हणाला. “आज शक्ती स्वतः बोलली. आपलं भाग्य.”

पुढच्या रांगेतल्या दोन बायका रडायला लागल्या.

“शक्ती-बिक्ती नाही, मी बोलतेय,” गादीवाली म्हणाली. “आणि रडू नका गं. ते मौन नव्हतं. भांडण होतं. माझं बाळ गेलं तेव्हा मी याला एक गोष्ट सांगितली, दार लावून सांगितली, आणि याने ती या खोलीत तुमच्यासारख्यांना सांगितली. तेव्हापासून मी याच्याशी बोलत नाही. मला याचा राग येतो. तुम्ही माझ्या पाया पडत होतात ना, तो माझा राग होता. आज याने दुसऱ्या कुणाची तशीच गोष्ट बाहेर काढली.”

“तू दमली आहेस,” आचार्य हळूच म्हणाला. “खाली जाऊन बोलू.”

“खाली मी रोज बोलते. तू वर बोलतोस. म्हणून वर बोलतेय. त्या म्हाताऱ्याने तुला काय शिकवलं होतं? नको म्हटलं की हात काढून घ्यायचा. तू काढायचास. एवढं एकच तुझं खरं होतं, त्याचंसुद्धा तू वाटोळं केलंस.” मग ती जावयाकडे वळली. “आणि तुम्ही हो. मघापासून मान हलवताय. तुम्हाला नको ऐकू येतं का?”

जावई हसला. नम्रपणेच हसला. “आई, नवरा-बायकोतल्या गोष्टी आहेत. सगळ्यांसमोर कशाला?”

“सगळ्यांसमोर तुमच्या सासऱ्यांनी काढल्या. तेव्हा तुम्ही मान डोलावत होतात.”

एक जोडपं चपला शोधत उठलं. कोपऱ्यातला एक शिष्य शेजाऱ्याला म्हणाला, ही सुद्धा गुरूंचीच एखादी परीक्षा असणार. अशा माणसांना घर पेटलं तरी आरतीच वाटते. गादीवालीचं तिकडे लक्ष नव्हतं. पोर उठून जिन्याकडे गेली होती.

ती मागोमाग उतरली. गुडघे कुरकुरत होते. पोर दुकानात बॅग भरत होती, हाताला लागेल ते कोंबत होती. आई दारातच उभी राहिली. आता लेक गळ्यात पडेल, असं तिला वाटलं होतं. खोटं कशाला बोला, थोडी वाटही बघत होती. आपण एवढं केलं ते तिच्यासाठीच.

तेवढ्यात जावई गाडीची किल्ली हातात घेऊन आला. “चल,” तो पोरीला म्हणाला. “झालं ते झालं. मी रागावलेलो नाही. घरी जाऊन शांतपणे बोलू.”

“नको,” पोर म्हणाली.

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. नको म्हटलं मी. आधीही म्हणायचे. तेव्हा कुणी बघत नव्हतं.” तिचा आवाज मोठा नव्हता, पण रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने मान वर केली. जावयाने सासूकडे बघितलं, मग वर जिन्याकडे, तिथून कुणी उतरत नाही हे बघितलं, आणि गेला. जाताना गाडीचं दारसुद्धा हळूच लावलं. गोड माणूस.

गादीवाली पुढे झाली आणि तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. पोरीने तो झटकला.

“तू नको मध्ये येऊस,” ती म्हणाली. “बाबांचं काय, ते तसेच आहेत. पण तू? मी लहानपणापासून तुझ्याकडे बघत आले. मला वाटायचं, माझ्या आईला राग येतच नाही. मोठ्या मनाची बाई ती. आणि मी मनाने छोटी, म्हणून मला सोसवत नाही. रोज रात्री मला स्वतःचीच लाज वाटायची. तू भांडतेयस हे मला एकदा, नुसतं एकदा कळलं असतं ना आई, तर मी पहिल्याच रात्री भांडले असते.”

“तुला मध्ये ओढायचं नव्हतं मला,” आई म्हणाली.

“मी मध्येच होते. तुमच्या दोघांच्या मध्येच वाढले. फक्त मला कुणी सांगितलं नाही, कशाच्या मध्ये आहे ते.”

ज्या एका गोष्टीचा अभिमान धरून गादीवाली जगली होती, तीच पोरीने अशी समोर उचलून टाकली होती, आणि त्यात तिला खोडून काढण्यासारखं काही सापडत नव्हतं. राग मात्र आला. पोरीचा नाही, नवऱ्याचा तर नेहमीचाच. या वेळी स्वतःचा आला, आणि त्याच्याशी अबोला धरायची सोय नव्हती.

पोरीने बॅगेची चेन लावली. पण बॅग उचलली नाही. सोफ्यावर बसली, कडेला नाही, मधोमध.

“वर काय म्हणालीस तू?” तिने विचारलं. “बाळ गेलं म्हणालीस. कुठलं बाळ? मला सांगितलं होतं, आईला बरं नाही म्हणून दवाखान्यात आहे. मग तू घरी आलीस आणि सगळं तसंच चालू झालं. मला भाऊ होता की बहीण?”

वीस परक्या माणसांना जे पहिल्या दिवशी कळलं होतं, त्यातलं या पोरीला काहीच ठाऊक नव्हतं. गादीवालीने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्या शेजारी येऊन बसली.

“भाऊ,” ती म्हणाली. “मीही त्याला नीट बघितलं नाही.”